तीन खुणा व एक वही : शास्त्रवाचनाची एक सोपी रीत

आमच्या शाळेंतील मुलामुलींना पवित्र शास्त्राच्या विषयांत चांगले गुण मिळतात, ही आनंदाची गोष्ट आहे. दाखला कोणीं सांगितला, कोणास सांगितला, त्याचें तात्पर्य काय, हें त्यांस तोंडपाठ असतें. परंतु परीक्षा संपली कीं तें पुस्तक फडताळांत जातें आणि पुढील परीक्षेपर्यंत त्यावर धूळ सांचते. यांत मुलांचाच दोष आहे असें आम्ही म्हणत नाहीं. वडील माणसांचीहि बहुधा हीच स्थिति असते. रविवारीं उपदेश ऐकावा, घरच्या प्रार्थनेच्या वेळीं कोणी वाचील तें ऐकावें, आणि एवढ्यावर आपला शास्त्राशीं संबंध राहिला असें मानावें, ही आपल्यापैकीं पुष्कळांची संवय आहे. दुसऱ्यानें चावून दिलेला घास तान्ह्या मुलास चालतो. थोर माणसानें तो मागितला तर लोक हंसतील.

स्वतः कां वाचत नाहीं, असें विचारलें तर उत्तरें ठरलेलीं असतात. वाचावयास घेतों, पण कळत नाहीं; कोठून आरंभ करावा तें समजत नाहीं; टीकाग्रंथ जवळ नाहींत; वेळ सांपडत नाहीं. हीं उत्तरें खोटीं नाहींत. परंतु त्यांवर एक साधा उपाय आहे. तो आम्हीं स्वतः करून पाहिला आहे, आणि त्यासाठीं आम्हांस थोडी किंमतहि द्यावी लागली. तो उपाय विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावा, एवढ्यासाठीं हा लेख लिहीत आहों.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, मराठी वाचकाला हें पुस्तक सुलभ व्हावें म्हणून पूर्वीच्या लोकांनीं मोठे कष्ट केले आहेत. श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनीं १८११ सालीं मराठी नवा करार छापून काढला. पुढें पंडिता रमाबाईंनीं केडगांवीं राहून मूळ इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास केला व संपूर्ण शास्त्राचें भाषांतर केलें. खेड्यांतील साध्या स्त्रियांस समजेल अशी भाषा असावी, हा त्यांचा कटाक्ष होता. १९२२ सालीं त्या निवर्तल्या आणि तें भाषांतर १९२४ सालीं पूर्ण छापून निघालें. ज्या स्त्रीस मोठमोठे पंडित मान देत, तिनें आपल्या आयुष्याचीं अखेरचीं वर्षें अल्पशिक्षित वाचकासाठीं खर्चिलीं. मग हें पुस्तक विद्वानांचें आहे, आमचें नव्हे, असें म्हणण्यास आपणांस जागा कोठें राहिली?

दुसरें उदाहरण नारायण वामन टिळकांचें. नागपुराहून राजनांदगांवास जातांना आगगाडींत एका अनोळखी युरोपियन गृहस्थाशीं त्यांचें बोलणें झालें. त्या गृहस्थानें निघतांना त्यांच्या हातीं नव्या कराराचें पुस्तक दिलें आणि तें वाचण्याचें वचन घेतलें. टिळकांस प्रारंभीं त्या पुस्तकाची गोडी नव्हती. दिलेला शब्द पाळावा एवढ्याच हेतूनें त्यांनीं वाचन आरंभिलें. पण त्यांनीं एक गोष्ट केली, ती आपल्या विषयास महत्त्वाची आहे. शाळेंतील मुलगा धडा वाचतो त्याप्रमाणें त्यांनीं हातीं पेन्सिल घेतली व लक्षांत ठेवण्याजोग्या ठिकाणीं खुणा करीत ते पुढें सरकूं लागले. मत्तयाच्या शुभवर्तमानांतील डोंगरावरील प्रवचनापाशीं येतांच त्यांचें मन तेथें खिळून राहिलें. पुढें ता. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. प्रत्येक वाचकाच्या आयुष्यांत अशी घटना घडेल असें नव्हे. परंतु नुसत्या डोळ्यांनीं वाचणें निराळें आणि हातीं पेन्सिल घेऊन वाचणें निराळें, हें या गोष्टीवरून दिसून येतें.

आतां आमची रीत सांगतों. ती आम्हीं शोधून काढलेली नाहीं. तिला ‘स्वीडिश पद्धति’ असें नांव पडलें असून अनेक देशांतील विद्यार्थिमंडळांत ती प्रचारांत आहे. तिला लागणारें साहित्य म्हणजे शास्त्राचें पुस्तक, एक वही, एक पेन्सिल आणि दिवसांतील वीस मिनिटें. वहीच्या पानावर तीन रकाने पाडावे. पहिल्याच्या माथ्यावर दिवा काढावा, दुसऱ्याच्या माथ्यावर प्रश्नचिन्ह व तिसऱ्याच्या माथ्यावर बाण. चित्रकला येत नसली तरी चिंता नाहीं; आमचा दिवा अद्यापि वांग्यासारखा दिसतो.

वाचनासाठीं एकच प्रसंग किंवा एकच दाखला घ्यावा. दहा ते पंधरा ओव्या पुरेत. पुष्कळ वाचण्याचा हव्यास धरूं नये. आरंभीं मन शांत करून देवाजवळ समजूत मागावी. मग तो भाग एकदां मनांत व एकदां मोठ्यानें वाचावा. मोठ्यानें वाचतांना जिभेला प्रत्येक शब्दावरून जावें लागतें, म्हणून डोळ्यांनीं गाळलेलें कानांस सांपडतें.

त्यानंतर दिव्याचा रकाना भरावा. वाचतांना जें एकाएकीं उजळून दिसलें, जें पूर्वीं कधीं लक्षांत आलें नव्हतें, तें तेथें लिहावें. मोठें तत्त्वच पाहिजे असें नाहीं. कोण कोठें उभा होता, कोणता शब्द दोन वेळां आला, एवढेंहि चालेल.

मग प्रश्नचिन्ह. जें कळलें नाहीं, जें पटलें नाहीं, जें त्या काळच्या लेखकास विचारावेंसें वाटतें, तें तेथें लिहावें. येथें संकोच नको. प्रश्न विचारणें म्हणजे अश्रद्धा, असा कित्येकांचा समज असतो. तो बरोबर नाहीं. प्रभूच्या शिष्यांनीं पदोपदीं प्रश्न विचारले, म्हणूनच कित्येक दाखले आपल्यापर्यंत आले. प्रश्न लिहिल्यावर त्याचें उत्तर आधीं त्याच अध्यायांत, मग शास्त्राच्या इतर भागांत, आणि शेवटीं शिक्षकांजवळ किंवा पाळकांजवळ शोधावें.

शेवटीं बाण. वाचलेल्या भागावरून मला स्वतःला काय केलें पाहिजे, तें एका वाक्यांत लिहावें. बाण सुटला म्हणजे तो कोठेंतरी लागला पाहिजे. म्हणून त्या वाक्यांत काम, माणूस व दिवस हीं तिन्ही असावींत. ‘मी चांगला वागेन’ हा बाण नव्हे. ‘उद्यां मधल्या सुट्टींत, ज्याचें पुस्तक मीं दडविलें होतें त्याला तें परत देईन व खरें सांगेन’ हा बाण होय. आणि त्या दिवशीं आपणांस सांपडलेली एक गोष्ट घरच्या किंवा मित्रमंडळींतील एका माणसास सांगावी, म्हणजे ती पक्की होते.

रीत एवढीच. परंतु पोहण्याचे नियम काठावर उभें राहून सांगण्यांत अर्थ नाहीं. म्हणून एक भाग घेऊन ती करून दाखवितों. मत्तयाच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय काढावा व त्यांतील २१ ते ३५ या पंधरा ओव्या वाचाव्या. दयाहीन चाकराचा हा दाखला आपल्या सर्वांस ठाऊक आहे. अपराध करणाऱ्या भावाला किती वेळां क्षमा करावी, सात वेळां पुरे काय, असें पेत्र विचारतो. प्रभु त्याला त्याहून कितीतरी मोठी संख्या सांगतो आणि मग दाखला देतो. एक राजा आपल्या चाकरांचा हिशेब घेतो. एकाकडे प्रचंड रक्कम निघते. त्याच्याजवळ फेडावयास कांहीं नसतें. त्याला बायकामुलांसह विकण्याचा हुकूम होतो. तो पायां पडतो. राजा त्याला मोकळा करून सर्व देणें सोडून देतो. तोच चाकर बाहेर जातो, थोडेंसें देणें असलेल्या सोबत्याची नरडी धरतो व त्याला तुरुंगांत टाकवितो. इतर चाकर हें पाहून दुःखी होतात व धन्यास कळवितात. धनी त्याला पुन्हां बोलावून शिक्षा देतो.

या भागावर आम्हीं वहींत काय लिहिलें तें पाहा.

दिव्याखालीं पहिली नोंद अशी : दोन्ही ऋणको जवळजवळ एकच विनंति करतात. मला थोडा अवधि द्या, मी फेडीन, असें पहिला राजाला म्हणतो. दुसरा तेंच पहिल्याला म्हणतो. म्हणजे आपल्याच तोंडचे शब्द त्याच्या कानांवर परत आले, आणि ते त्याला ओळखतां आले नाहींत. दुसरी नोंद : पहिल्यानें मागितली ती सवड, आणि मिळाली ती संपूर्ण माफी. मागितल्यापेक्षां मिळालें अधिक. तिसरी नोंद राजाच्या मनासंबंधीं. राजाला दया आली, या ठिकाणीं मूळ ग्रीक भाषेंत जें क्रियापद आहे तें आंतड्यांवरून बनलेलें आहे, असें आम्हांस एका जाणत्या शिक्षकांनीं सांगितलें. हें ऐकून आम्हांस मौज वाटली. कारण दुसऱ्याचें दुःख पाहून ‘आंतडें तुटतें’ असें आमची आजी म्हणत असे. परक्या भाषेंतील शब्द असा एकाएकीं आपल्या ओसरीवर येऊन बसतो.

प्रश्नचिन्हाखालीं पहिला प्रश्न : ही प्रचंड रक्कम म्हणजे नक्की किती? भाषांतरांतून या रकमा निरनिराळ्या रीतीनें दिलेल्या असतात, म्हणून मूळ आंकडे पाहिले. पहिल्याचें देणें दहा हजार टॅलंट, दुसऱ्याचें शंभर दिनार. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. हें मत्तयाच्याच विसाव्या अध्यायांतील द्राक्षमळ्याच्या दाखल्यावरून कळतें. टॅलंट हें वजनाचें व पैशाचें मोठें परिमाण. एका टॅलंटचे सुमारें सहा हजार दिनार होत. आतां गणिताची वही काढावी. १०,००० गुणिले ६,००० म्हणजे ६,००,००,००० दिनार, अर्थात् सहा कोटि दिवसांची मजुरी. वर्षाचे तीनशें दिवस काम धरलें तर हें देणें फेडण्यास दोन लक्ष वर्षें लागतील. दुसऱ्याचें देणें शंभर दिवसांच्या मजुरीचें. महिन्यांतले पंचवीस दिवस काम धरलें तर चार महिन्यांचें. दोन्ही रकमांचें प्रमाण सहा लाखांस एक असें पडतें. शिवाय ग्रीक भाषेंत ज्या संख्येस स्वतंत्र नांव होतें त्यांत दहा हजार ही सर्वांत मोठी. म्हणजे प्रभूनें मोठ्यांत मोठी संख्या घेऊन तिला पैशाच्या मोठ्यांत मोठ्या मापाची जोड दिली. मी सर्व फेडीन, हें त्या चाकराचें आश्वासन किती पोकळ होतें तें आतां दिसतें.

येथें एक गोष्ट नजरेआड होऊं देऊं नये. शंभर दिवसांची मजुरी ही कांहीं क्षुल्लक रक्कम नव्हे. मजुरी करणाऱ्या घराला विचारा. दुसऱ्यानें केलेला आपला अपराध खोटा आहे किंवा नगण्य आहे, असें दाखला म्हणत नाहीं. तो खरा आहे, त्याची झळ लागते. पण त्याच्या शेजारीं दुसरा आंकडा मांडून पाहा, एवढेंच तो सांगतो.

दुसरा प्रश्न : प्रभूनें पेत्रास सांगितलेली संख्या कोणती? कांहीं भाषांतरांत ती साताच्या सत्तरपट म्हणजे ४९० होते, कांहींत ७७. मूळ शब्दांचा दोन्ही प्रकारें अर्थ लागतो. उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायांत लामेख नांवाचा एक पुरुष आहे. आपल्याला दुखविणाऱ्याचा सूड सत्याहत्तरपट घेतला जाईल, अशी बढाई तो आपल्या बायकांपुढें मारतो. सूडाची जी सीमा लामेखानें घातली तीच प्रभूनें उलटवून क्षमेला लावली, असें पुष्कळ अभ्यासक मानतात. मग ४९० कीं ७७, हा वाद मागें पडतो. वहींत रेघा ओढून क्षमा मोजणाऱ्यानें क्षमा केलीच नाहीं, हें उघड होतें.

तिसरा प्रश्न आम्हांस फार दिवस छळीत होता : क्षमा करावी म्हणजे अन्याय मुकाट्यानें सोसावा कीं काय? याचें उत्तर त्याच अध्यायांत सांपडलें. हा दाखला सुरू होण्यापूर्वीं, पंधराव्या ओवीपासून, अपराध करणाऱ्या भावाकडे आधीं एकट्यानें जाऊन त्याची चूक त्याला दाखवावी, न ऐकेल तर एकदोघांस बरोबर न्यावें, तरीहि न ऐकेल तर मंडळीस सांगावें, असा क्रम घालून दिला आहे. आणि दाखल्यांतील इतर चाकरांनींहि पाहिलेला अन्याय दडविला नाहीं. तो धन्याच्या कानांवर घातला. यास्तव क्षमा म्हणजे खोट्याला खरें म्हणणें नव्हे.

चौथा प्रश्न, एकदां सोडलेलें देणें राजानें पुन्हां कां मागितलें, हा आमच्या वहींत अद्यापि तसाच आहे. त्यावर जाणत्या लोकांनीं बरेंच लिहिलें आहे. आमचें पूर्ण समाधान झालेलें नाहीं. वहींत एखादा प्रश्न उघडा राहिला तर त्यांत लाज नाहीं. त्या प्रश्नामुळेंच आपण त्या पानाकडे पुन्हां वळतों.

आतां तिसरा रकाना. येथें आमची पेन्सिल थांबली.

हा दाखला आम्हीं वर्गांत अनेक वेळां शिकविला होता. त्यावर प्रश्न काढले होते, मुलांचीं उत्तरें तपासलीं होतीं, ‘तात्पर्य लिहिलें नाहीं’ म्हणून गुणहि कापले होते. परंतु त्या रात्रीं वहीवरचा तो बाण आमच्याकडेच रोखलेला दिसला. त्याचें कारण सांगणें भाग आहे. गांवीं आमचें थोडेंसें वडिलोपार्जित शेत आहे व त्यास लागून आमच्या चुलतभावाचें शेत आहे. एका पावसाळ्यांत मधला बांध फुटला. तो पुन्हां घालतांना त्यानें आमच्या बाजूस दोन हात सरकविला, असें आमचें म्हणणें. जुन्या जागींच घातला, असें त्याचें. शब्दानें शब्द वाढला, आणि बोलणें बंद झालें. अशीं नऊ वर्षें गेलीं. त्यांच्या घरीं लग्न झालें, आम्ही गेलों नाहीं. आमच्या घरीं मृत्यु झाला, तो दारापर्यंत आला व परत फिरला. एकमेकांची मुलें रस्त्यांत भेटलीं तर ओळखणार नाहींत, अशी स्थिति झाली होती. आणि त्या नऊ वर्षांत आम्ही दररोज सकाळीं शाळेच्या प्रार्थनेंत मुलांबरोबर उभें राहून, आम्हीं जशी क्षमा केली तशी आम्हांस मिळो, या अर्थाची विनंति प्रभूनें शिकविलेल्या शब्दांत करीत होतों. त्या प्रार्थनेंतहि अपराधासाठीं ऋणाचाच शब्द आहे, हें त्या रात्रीं प्रथम आमच्या ध्यानांत आलें.

पुष्कळ वेळ कांहींच लिहिलें नाहीं. मग लिहिलें, ‘सर्वांशीं सलोख्यानें राहावें.’ तें वाचून आमचें आम्हांसच हंसूं आलें; असल्या उत्तराला आम्हीं वर्गांत एकहि गुण दिला नसता. तें खोडलें आणि खालीं लिहिलें, ‘येत्या शनिवारीं गांवीं जाऊन त्याच्या घरीं पाणी पिणें.’

शनिवारीं गेलों. तो अंगणांत दावें वळीत बसला होता. त्यानें मान वर करून पाहिलें व पुन्हां खालीं घातली. आम्ही उभेच. अखेर काकूंनीं आंतून पाण्याचा तांब्या आणून पुढें ठेवला. तें पाणी प्यालों आणि बोललों कीं, बांधाचें काय व्हावयाचें तें होवो, परंतु त्या वेळीं मी तुझ्या वडिलांविषयीं जें बोललों तें बोलावयास नको होतें. तें तूं सोडून दे. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “चहा घेऊनच जा.” त्या दिवशीं याहून अधिक कांहीं घडलें नाहीं. गळां पडून रडणें वगैरे गोष्टींत होतें, तसें कांहींच झालें नाहीं.

दोन महिन्यांनीं उभयतांनीं मिळून सरकारी मोजणीचा अर्ज केला. मोजणीदारानें खुणा घातल्या तेव्हां असें निघालें कीं, ओढ्याकडच्या टोकाला आमचें म्हणणें खरें होतें आणि रस्त्याकडच्या टोकाला त्याचें. आमच्या मनांत नऊ वर्षें जो हिशेब पक्का होता तो अर्धा चुकीचा होता. क्षमा करावयास निघालों तेव्हां आपण धनको आहों अशी आमची समजूत होती. परत आलों तेव्हां आपणहि ऋणको आहों हें कळलें. अठराव्या अध्यायाचा खरा अर्थ आम्हांस वर्गांत कळला नव्हता. तो त्या शेतांत कळला.

हा अनुभव मोठा पराक्रम म्हणून सांगितला नाहीं. जी रीत दिसावयास इतकी सोपी आहे तिचा शेवटचा रकाना सोपा नाहीं, हें वाचकांस आधींच ठाऊक असावें, म्हणून सांगितला. पहिले दोन रकाने बुद्धीनें भरतां येतात. तिसऱ्यासाठीं पायांना चालावें लागतें. आणि तिसरा रकाना रिकामा राहिला तर पहिल्या दोहोंची स्थिति परीक्षेच्या उत्तरपत्रिकेसारखीच होते.

आतां कांहीं सावधगिरीच्या सूचना.

बाण नेहमीं आपल्याकडे असावा. वाचतांना ‘हें अमक्याला चांगलें लागू पडतें’ असें मनांत आलें कीं समजावें, आपण दुसऱ्याच्या वहींत लिहीत आहों. एखादी ओवी मागच्यापुढच्या संबंधापासून तोडून घेऊं नये. वरील तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर मागील ओव्या वाचल्यामुळेंच मिळालें, हें लक्षांत असावें. एखाद्या दिवशीं दिवा लागला नाहीं तर निराश होऊं नये. रोजच्या भाकरीची आठवण राहत नाहीं, पण तिनेंच अंग धरतें. आणि मुलांस एक गोष्ट विशेष करून सांगतों : कोणी तुम्हांस इजा करीत असेल, भीति घालीत असेल किंवा वाईट रीतीनें वागवीत असेल, तर क्षमेच्या नांवाखालीं तें लपवूं नका. आईवडिलांस किंवा विश्वासाच्या शिक्षकांस तत्काळ सांगा. दाखल्यांतील चाकरांनीं तेंच केलें, आणि प्रभूनें त्यांस दोष दिला नाहीं.

पालकवर्गास आमची विनंति अशी आहे कीं, मुलाची ही वही त्याच्या परवानगीवांचून उघडूं नये. तिसऱ्या रकान्यांत काय आहे याची तपासणी होऊं लागली म्हणजे मूल तुम्हांस आवडेल असा बाण लिहील, आणि सर्व खटाटोप पुन्हां परीक्षेवर येऊन ठेपेल. त्यापेक्षां आपणहि एक वही घालावी. रात्रीं जेवणें झाल्यावर वीस मिनिटें सर्वांनीं एकच भाग आपापल्या वहींत वाचावा व प्रत्येकानें आपला एक दिवा व एक प्रश्न सर्वांस सांगावा. मुलाच्या प्रश्नाचें उत्तर येत नसेल तर तसें मोकळेपणानें म्हणावें. वडिलांनाहि प्रश्न पडतात हें पाहून मुलास धीर येतो. एखाद्या दिवशीं वडिलांनीं मुलाजवळ जाऊन, ‘काल मी तुझ्यावर उगाच रागावलों,’ एवढें म्हटलें, तर त्या घरांत शास्त्राचें वाचन झालें असें समजावें.

आमच्या शाळेंत निरनिराळ्या धर्मांचीं मुलें एका बांकावर बसतात, याचा आम्हांस अभिमान आहे. ज्यांच्या घरीं दुसरे ग्रंथ पूज्य मानले जातात त्यांनींहि ही रीत आपल्या घरच्या ग्रंथास लावून पाहावी व वडीलधाऱ्यांजवळ आपले प्रश्न मांडावे. ज्या ग्रंथापुढें आपण मस्तक नमवितों तो समजून वाचणें व त्याप्रमाणें वागणें, हें सर्वांसच सारखें आवश्यक आहे.

आरंभ करणारांसाठीं सात दिवसांचे सात भाग येथें देतों. पहिल्या दिवशीं मार्क ४ : ३५–४१, वादळांतील होडी. दुसऱ्या दिवशीं लूक १० : २५–३७, वाटेवर जखमी पडलेला मनुष्य व परका शोमरोनी. तिसऱ्या दिवशीं रूथ, दुसरा अध्याय, परदेशी विधवा व तिचें सरवा वेंचणें. हा भाग थोडा मोठा आहे, पण शेतकऱ्यांच्या मुलांस तो आपल्याच शिवारांतला वाटेल. चवथ्या दिवशीं पहिलें शमुवेल ३ : १–१८, रात्रीं हांक ऐकणारा मुलगा. पांचव्या दिवशीं लूक १९ : १–१०, झाडावर चढलेला जकातदार, त्यानें आपला बाण किती नेमका सोडला, आंकड्यांसह, तें पाहावें. सहाव्या दिवशीं तेविसावें स्तोत्र. सातव्या दिवशीं फिलेमोनास लिहिलेलें पत्र. तें अवघ्या पंचवीस ओव्यांचें आहे, आणि धन्याकडे परत जाणाऱ्या एका दासासाठीं लिहिलेलें आहे. सात दिवस झाल्यावर मार्काचें शुभवर्तमान आरंभापासून थोडें थोडें घ्यावें.

वही मोठी किंवा सुंदर असावी लागत नाहीं. जुन्या वहींतील उरलेलीं कोरीं पानें शिवून घेतलीं तरी चालतात. तिच्यावर गुण मिळावयाचे नाहींत, बक्षीससमारंभांत तिचें नांव निघावयाचें नाहीं. परंतु वर्षअखेर ती उघडून पाहिली आणि तिसऱ्या रकान्यांतील दहा वाक्यांपुढें जरी ‘केलें’ असा शब्द लिहितां आला, तरी तें वर्ष फुकट गेलें नाहीं असें समजावें. आमच्या वहींत असा शब्द अजून फार थोड्या ठिकाणीं आहे. वाचकांनीं आपली वही आजच घालावी, आणि या कामांत आमच्या पुढें जावें, अशी आमची देवाजवळ प्रार्थना आहे.